आधी मोडीचं बिल करून दाखवा

बिलाचं सॉफ्टवेअर विकायला कुणी आमच्या भांड्यांच्या दुकानात आलं, की मी आधी त्याला चहा देते आणि मग काउंटरखालची पितळी घागर काढून काट्यावर ठेवते. बुडाला चेपलेली, काठ उचकटलेला, खास याच कामासाठी मागे ठेवलेली. "समजा, एक बाई ही मोड, म्हणजे मोडीत द्यायचं जुनं भांडं, घेऊन आल्यात," मी सांगते. "भरली ३ किलो ४०० ग्रॅम. भाव किलोला ५०० धरा. त्यांना तांब्याची कळशी हवी आहे, ती वजनावर. स्टीलच्या डब्यांचा सेट हवा आहे, तो नगावर. दीड हजार फोनवरून देणार, पाचशे रोख, राहिलेले तुळशीच्या लग्नानंतर. करा बिल."

बहुतेक मुलं इथेच अडतात. त्यांच्या लॅपटॉपवर नमुन्याचं एक दुकान भरून ठेवलेलं असतं. त्या दुकानात साबण असतात, बिस्किटं असतात, प्रत्येक मालाला एकच माप असतं, आणि गिऱ्हाईक माल घेतं, पैसे देतं, जातं. आमच्याकडे तसं गिऱ्हाईक दिवसातून चार वेळा येत असेल. बाकीच्या बायका येतात त्या लेकीच्या संसाराच्या भांड्यांची यादी घेऊन, नाहीतर सासूच्या हातची जुनी परात पिशवीत घालून. परात काट्यावर ठेवल्यावरही त्यांचा हात जरा वेळ तिच्यावरच असतो.

काही मुलं धिटाईनं पुढे जातात आणि मोडीचे १,७०० रुपये 'सूट'च्या रकान्यात टाकतात. तिथे मी थांबवते. कळशी १,९०० ची, डबे २,३०० चे, मिळून ४,२००. त्यावर ५ टक्के कर २१० रुपये. बिल झालं ४,४१०. त्यातून मोडीचे १,७०० वजा, बाईंनी द्यायचे २,७१०. मोड ही पैशांऐवजी दिलेली वस्तू आहे, ती सूट धरता येत नाही. कर पूर्ण किमतीवरच लागतो. जीएसटीच्या नियमांत जुना फोन देऊन नवा घेण्याचं उदाहरणच घालून दिलेलं आहे. पण १,७०० आधीच सूट म्हणून उडवले, की कर उरलेल्या २,५०० वर निघतो, १२५ रुपये. म्हणजे ८५ रुपये कमी भरले. हे एका बिलात. लग्नसराईत दिवसाला अशी आठ-दहा बिलं होतात.

हे मला माहीत आहे, कारण आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरनं आठ महिने नेमकं हेच केलं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सांगलीच्या आमच्या पेठेत सगळ्यांचीच धांदल उडाली होती. तोवर मामंजींची रोजकीर्द आणि खतावणी, एवढ्यावर आमचं चालत होतं. लाल कापडी बांधणीच्या वह्या, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आता बिलावर एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा कोड हवा, दर महिन्याला विवरणपत्र हवं. एका ओळखीच्यांच्या ओळखीतून एक गृहस्थ आले. स्वस्त सांगितलं, स्क्रीनवर रंगीत आलेख दाखवले, आणि "वहिनी, तुम्हाला काही करायलाच लागणार नाही" म्हणाले. आम्ही त्यांना विचारलं काय, तर पैसे किती आणि केव्हा सुरू होईल. दोनच प्रश्न. पंचवीस रुपयांचा डाव घेतानासुद्धा बायका तो उलटा करून, जोड बघून, काठावर बोट फिरवून घेतात. आणि आम्ही दुकानाचा सगळा हिशेब एका माणसाच्या हवाली केला तो आलेख बघून.

आठ महिन्यांनी सीएंच्या लक्षात आलं. फरक भरला, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांच्या हिशेबानं व्याज भरलं. त्या गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, "मोड वगैरे असते हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." मला तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, ते फसवायला आले नव्हते. भांड्यांच्या दुकानात ते कधी तासभर बसलेच नव्हते, आणि आम्हीही त्यांना बसवून घेतलं नव्हतं.

तरी बदललं नाही. खाती भरलेली होती, बोटांना सवय झाली होती, आणि पुन्हा सगळं नव्यानं भरायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. मोडीसाठी वेगळी पावती हातानं करायची, अशी एक तडजोड काढली आणि रेटत राहिलो.

मग ऑगस्ट २०१९ आला.

बाहेरच्यांना सांगून कळणार नाही, पण सांगलीत पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात आणि अख्खं गाव त्या आकड्यावर श्वास घेतं. धोक्याची पातळी ४५ फूट. पेठेतल्या प्रत्येक जुन्या दुकानदाराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची एक खूण होती. "पाच साली इथपर्यंत आलं होतं," असं म्हणून सगळ्यांनी त्या खुणेच्या वर हातभर माल चढवला. आम्हीही. पितळ-तांबं माळ्यावर, स्टील मधल्या फळीवर, संगणक गल्ल्यामागच्या उंच कपाटावर. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

भांडी काय, धुऊन पुसून पुन्हा उभी राहतात. चिखलातून काढलेली पातेली आम्ही चार दिवस घासत होतो. संगणक गेला. आणि रोज संध्याकाळी मी न चुकता ज्या पेन ड्राइव्हवर बॅकअप घेत होते, तो गल्ल्याच्या खणात होता. दोन वर्षं मी स्वतःला शिस्तीची समजत होते. रोजचा बॅकअप, रोजची तारीख. पण दोन्ही प्रती एकाच छपराखाली, चार फुटांच्या अंतरावर.

पेन ड्राइव्ह वाळवला आणि चालला. ते नशीब. खरी अडचण पुढे होती. नवा संगणक घेतला, फाइल त्यावर उतरवली, तर ती उघडेना. सॉफ्टवेअरची परवान्याची किल्ली जुन्या यंत्राशी बांधलेली होती. नवी किल्ली फक्त ते गृहस्थच देऊ शकणार होते. त्यांचा फोन बंद. चौकशी केली तर कळलं की त्यांनी हा व्यवसाय सोडला आणि ते पुण्याला नोकरीला लागले. आमची पावणेतीनशे उधारीची खाती त्या फाइलमध्ये होती. फाइल माझ्या हातात, खाती माझ्या गिऱ्हाइकांची, आकडे मी बडवलेले, आणि एक ओळ वाचता येत नव्हती.

उधारी परत कशी उभी राहिली ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. २०१७ पर्यंतचं मामंजींच्या वह्यांत मिळालं. त्या घरी वरच्या मजल्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. त्यानंतरचं लोकांनी आणून दिलं. गावात अजून चिखल होता, फिनेलचा वास होता, आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून एक मावशी म्हणाल्या, "वहिनी, माझे साडेचार हजार हायती तुमच्याकडं. लिहून घ्या, तुमचं समदं भिजलं असंल." अशी पुष्कळ माणसं आली. काही आली नाहीत. त्यांची घरंही पाण्यात होती, त्यांना मी कधी विचारलं नाही.

मावशींचे साडेचार हजार मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. तेव्हा ठरवलं, की यापुढे कुणाचंही काहीही घ्यायचं तर पहिला प्रश्न एकच. तुम्हाला सोडायचं झालं, तर माझा हिशेब माझ्या हातात कसा देणार? आणि तो बोलून सांगायचा नाही, आत्ता करून दाखवायचा. सगळी खाती, सगळी बिलं, मालाची यादी एक्सेलमध्ये काढा. ती फाइल तुमच्या लॅपटॉपवर नाही, माझ्या फोनवर उघडून दाखवा. हे विचारलं की काहींचा चेहराच उतरतो. "काकू, अजून सुरूसुद्धा केलं नाही आणि सोडायचं काय बोलता?" असं एकानं म्हटलं. मी म्हटलं, "बाळा, भाड्यानं जागा घेताना आपण खाली करायची मुदत करारात लिहितो की नाही?"

पुढे मी याविषयी मिळेल ते वाचत गेले. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसनं जगभरच्या कंपन्यांचे संगणक पुसून टाकले. त्यात मर्स्क ही जहाजांची अवाढव्य कंपनी होती. आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही त्यात अडकलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता, ते सगळे एकमेकांच्या प्रती ठेवत होते, आणि सगळे एकाच वेळी गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानाच्या कार्यालयातला. का, तर त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका यंत्रावरून त्यांनी पुन्हा उभारणी केली. हे वाचलं तेव्हा मला आमचा गल्ल्याचा खण आठवला. आता आमच्याकडे दोन हार्ड डिस्क आहेत. एक दुकानात, एक मिरजेला नणंदेकडे तिसऱ्या मजल्यावर. दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते. नणंदबाई ती डिस्क देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवतात आणि तिला कुणाला हात लावू देत नाहीत.

सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तेव्हा आम्ही टॅलीवर आलो. त्याचं कारण अगदी साधं होतं: गावात ते पन्नास जणांना येतं. कॉमर्सची मुलं शिकतात, सीएंच्या ऑफिसात तेच चालतं, एक माणूस गेला तर दुसरा मिळतो. वैशिष्ट्यांची यादी लांब असलेली, दिसायला देखणी दुसरी चार सॉफ्टवेअर मी पाहिली होती, पण त्यातल्या दोहोंचा जाणकार सगळ्या जिल्ह्यात एकेकच होता. टॅलीचा जन्म कसा झाला तेही मला आवडतं. श्यामसुंदर गोएंका गिरण्या-कारखान्यांना माल पुरवत, त्यांना आपल्या हिशेबाला बेतणारं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला, भरत यांना, ते लिहायला सांगितलं. कंपनीची सुरुवात १९८६ ची. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे; पुढे दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसनं भरलेले दिसू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला, तेच क्विक हील. दोन्हीकडे कुणाची तरी अडचण समोर टेबलावर होती आणि काम तिथून सुरू झालं. आमची मोड मात्र टॅलीतही आपोआप बसली नाही. ती बसवून देणारा माणूस शोधावा लागला.

तो शोधताना दुसरा एक प्रश्न सुचला. सगळे विक्रेते आपल्या खूश गिऱ्हाइकांची नावं देतात. मी म्हटलं, तुम्हाला सोडून गेलेल्या एखाद्या दुकानदाराचा नंबर द्या. तिघांना विचारलं. एकानं विषय बदलला, एक म्हणाला आमच्याकडून कुणी जातच नाही. तिसरा, मिरजेचा एक तरुण मुलगा, जरा विचारात पडला आणि त्यानं तासगावच्या एका कापडवाल्यांचा नंबर दिला. मी तिथेच त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. आमचा पसारा वाढला, दोन दुकानं झाली, त्याला झेपेना. पण जाताना चार दिवस येऊन सगळा डेटा नव्या माणसाच्या ताब्यात देऊन गेला. त्याचे पैसेही घेतले नाहीत." त्या मुलाला मी वर्षाचा करार दिला. आधी त्याला दुकानात दोन दिवस नुसतं बसवलं. मोड कशी घेतात, घट किती धरतात, कळशीवर नाव कसं घालतात, उधारी कुणाला देतात आणि कुणाला नाही, हे सगळं त्यानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी चेपलेल्या घागरीचं बिल त्यानं बरोबर केलं: मोडीची खरेदी वेगळी, विक्री पूर्ण किमतीला, आणि दोन्हींचा मेळ गिऱ्हाइकाच्या खात्यावर.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते, कारण मुद्दा तोच आहे. पैसे आल्याचं बोलून सांगणारी डबी घेऊन दर महिन्याला कुणीतरी येतं. "फुकट आहे काकू." बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही, हे खरं. पण डबीचं भाडं असतं, आणि ते कधी सुरू होणार, डबी परत केल्यावर थांबणार का, हे छापील कागदावर दाखवा म्हटलं की निम्मे निघून जातात. एका ओळखीच्या मुलानं हौसेनं दुकानाची वेबसाइट करून दिली होती. रुखवताच्या भांड्यांचे फोटो फार सुंदर होते. दोन वर्षांनी नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा कळलं, दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर नोंदलेला आहे. तो भला, त्यानं फिरवून दिला. भला नसता तर आमच्याच नावाची पाटी आम्हाला विकत घ्यावी लागली असती. तेव्हापासून दुकानाचं स्वतंत्र सिम आहे, साध्या बटणांच्या फोनमध्ये, गल्ल्यात. बँक असो, क्यूआर असो, जीएसटीचं पोर्टल असो, सगळीकडे तोच नंबर. कामाला असलेली मुलं येतील-जातील, ओटीपी दुकानातच वाजतो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, मिरजेच्या मुलाची परीक्षा झाली. भांड्यांवरचा कर १२ चा ५ टक्के होणार होता, २२ सप्टेंबरपासून. त्याच दिवशी घटस्थापना. तांब्याचे कलश, पितळी समया, ताम्हनं, वर्षातली मोठी विक्री. आदल्या दिवशी रविवार, सर्वपित्री अमावस्या. घरी पानं वाढून झाली होती आणि माझं चित्त दुकानात. संध्याकाळी सात वाजता तो स्कूटरवरून आला. मी फोन केला नव्हता. "काकू, दर बदलायला पाच मिनिटं लागतात. मी दुसऱ्याच कामाला आलोय." गेल्या आठवड्यात १२ टक्क्यांनी विकलेलं भांडं उद्या कुणी परत आणलं, तर ते परतीत १२ नंच धरायला हवं, नव्या ५ नं नाही, तेवढं तपासायला तो आला होता. जुनं एक बिल काढून त्यानं परतीची नोंद करून पाहिली, पुसली, पुन्हा केली. मग ओट्यावर बसून खीर खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिलीच बाई आली ती दोन दिवसांपूर्वी नेलेला हंडा परत करायला. हंडा जरा मोठा झाला होता म्हणे.

एका बाबतीत मात्र मी त्याचं ऐकत नाही. त्याला दुकानातला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर काढून टाकायचा आहे. आवाज करतो, जागा खातो, हे कबूल. पण नव्या थर्मल प्रिंटरच्या कागदावरची अक्षरं काउंटरवरच्या उन्हात वर्षभरात उडून जातात, आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. आमच्याकडच्या उधाऱ्या तर त्याहून जुन्या आहेत.

म्हणून दर ३१ मार्चला दुकान बंद झाल्यावर मी त्या प्रिंटरवर सगळी उधारीची खाती छापते. तासभर खडखडाट चालतो, जोडपानांचा कागद काउंटरवरून खाली घड्या घालत उतरतो. मामंजी आता नव्वदीला टेकलेत, दुकानात रोज येत नाहीत, पण त्या संध्याकाळी येतात. चष्मा पुसून, पान मांडीवर घेऊन, एकेका नावावर बोट ठेवत वाचतात. यंदा एका नावापाशी त्यांचं बोट थांबलं.

"याच्याकडे काही नाही. यानं दिवाळीत मिटवलं. मी होतो इथं."

मी म्हटलं, मशीन चुकत नाही मामंजी. ते काही बोलले नाहीत, बोटही उचललं नाही. मग मी खातं उघडलं. दिवाळीतले १,८५० रुपये जमा होते, पण दुसऱ्याच खात्यावर. एकाच गावचे, एकाच नावाचे दोघे, आणि नोंद मीच घाईत केलेली. दुरुस्त केली. ते एक पान पुन्हा छापलं. मामंजींनी जुनं पान फाडून पिशवीत टाकलं आणि नव्या पानावर त्या नावापुढे, कंसात, पेन्सिलीनं लिहिलं: वरच्या आळीचा.